भोपळा की दुधी?

लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. जंगलात तिला वाघ अडवतो, कोल्हा अडवतो. ती म्हणते, आत्ता माझ्या अंगावर मांस कुठे आहे, लेकीच्या हातचं चार दिवस खाऊन येते, मग बघ. आणि परतताना भोपळ्यात बसून त्यांच्या नाकासमोरून घरंगळत निघून जाते. आज मला बोलायचं आहे ते या गोष्टीबद्दल. अशा गोष्टी तोंडातून कागदावर आल्या, कागदावर त्यांना चित्रं मिळाली, आणि त्या प्रवासात कुणाला काय मिळालं नि कुणाचं काय गेलं, याबद्दल.

मी भिवंडीतल्या कामतघरचा. भिवंडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात, यंत्रमाग आणि दंगल. दोन्ही खोट्या नाहीत. पण कामतघरला वऱ्हाळा तलाव आहे, आणि त्या तलावाच्या आसपास आगरी, आम्ही कोकणी मुसलमान, उत्तरेतून आलेले मोमीन विणकर आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली अशी सगळी वस्ती दाटीवाटीने राहते. अब्बा एका कारखान्यात जॉबर होते. अम्मा घरी कांड्या भरायची. मराठी शाळा घरापासून जवळ, एवढ्याच कारणाने मला मराठी शाळेत घातलं. पुढे मराठीत कविता लिहू लागलो, त्यामागे याहून मोठं कारण नाही.

आमच्या घरातली बोली कोकणी मुसलमानांची. उर्दूवाले तिला उर्दू म्हणत नसत आणि शाळेत तिला मराठी म्हणत नसत. त्या बोलीत अम्मा गोष्टी सांगायची. वीज गेली की गल्लीतल्या मागांची खटखट एकदम थांबे, कानात दडे बसल्यासारखं वाटे, आणि तेवढ्या शांततेत तिची गोष्ट सुरू होई. तिची म्हातारी दुर्गाडीची खाडी ओलांडून कल्याणला लेकीकडे जायची. परत यायची ती दुधीत बसून. आणि शेवटी म्हातारीची दोन कुत्री धावत येऊन कोल्ह्याला पळवून लावायची. ती कुत्री येण्याची आम्ही भावंडं वाट पाहत असू.

१९७८ साली मी तिसरीत होतो. अब्बांनी कल्याण स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून याच गोष्टीचं एक चित्रांचं पुस्तक आणलं. पातळ, पिना मारलेलं, आतला रंग रेषेबाहेर सरकलेला. आमच्या घरात शाळेच्या पुस्तकाशिवाय आलेलं ते पहिलं मराठी पुस्तक. अम्माने ते कंदिलापाशी घेतलं, पहिलं चित्र पाहिलं आणि सांगायला लागली. तिला वाचता येत नव्हतं. चित्रांवर बोट ठेवून ती स्वतःचीच गोष्ट सांगत होती. दुधीपाशी आली तेव्हा मी म्हणालो, "अम्मा, हा दुधी नाही. लाल भोपळा आहे. बघ ना. आणि यात कुत्रीबित्री काही नाहीत." मला नुकतं भराभर वाचता येऊ लागलं होतं, त्याचा माज होता. ती म्हणाली, "बरं. तूच वाच मग." तिने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि कांड्या भरायला बसली. त्यानंतर ते पुस्तक तिने हातात घेतलेलं मला आठवत नाही.

आता जरा इतिहासाकडे वळतो, कारण मी एकटाच असा शहाणा नव्हतो. मराठीत मुलांसाठी छापील पुस्तकं आली तीच मुळी घरातल्या गोष्टीला वळसा घालून. १८२८ साली सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांचं 'बाळमित्र' आलं. मूळ पुस्तक फ्रेंच, मराठीत आलं इंग्रजीमार्गे. त्याच वर्षी त्यांनी इसापच्या गोष्टीही मराठीत आणल्या. छत्र्यांची भाषा सुरेख होती, त्यांचं ऋण मोठं आहे. पण इसाप ग्रीसहून आला, बाळमित्र फ्रान्सहून आला, आणि माजघरातल्या आजीची गोष्ट माजघरातच राहिली. ती शाळेच्या लायकीची आहे असं कुणाला वाटलं नाही. शाळेत जी गोष्ट जाई तिला शेवटी तात्पर्य लागे. म्हातारी भोपळ्यात बसून वाघाला फसवते, यातून मुलाने काय शिकायचं? थाप मारायला?

आजीच्या गोष्टीला पुस्तकाची दारं उघडली ती एका आयेने. १८६५-६६च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर निघाले. बरोबर त्यांची तरुण मुलगी मेरी होती, आणि मेरीच्या सोबतीला ॲना लिबेराता डिसोझा नावाची आया. लांबच लांब प्रवास, तंबूतला मुक्काम. मेरीने तिला गोष्ट सांगायची गळ घातली. ॲनाचं घराणं मूळचं लिंगायत, गोव्यात जाऊन ख्रिस्ती झालेलं. गोष्टी तिला आजीकडून मिळालेल्या. मेरी लिहून घेई. १८६८ मध्ये लंडनमध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' हे चोवीस गोष्टींचं पुस्तक निघालं, त्यातली चित्रं मेरीच्या बहिणीची, कॅथरिनची. मुखपृष्ठावर नाव अर्थात मेरीचं. तरी एक गोष्ट मेरीने फार चांगली केली. पुस्तकाच्या सुरुवातीला ॲनाची हकिकत तिच्याच तोंडून सांगितलेली छापली. तिची आजी, तिची नोकरी, नदीत बुडून गेलेला तिचा मुलगा. लोककथांची आपल्याकडची कितीतरी पुस्तकं मी पाहिली आहेत. 'एका वृद्धेकडून ऐकलेली' यापलीकडे सांगणारीचा पत्ता त्यांत क्वचितच लागतो. दीडशे वर्षांपूर्वी एका आयेला स्वतःच्या नावासकट पुस्तकात जागा मिळाली, हे मला त्या चोवीस गोष्टींइतकंच मोठं वाटतं.

दुसरं पुस्तक १९१४ सालचं. सी. ए. किंकेड नावाचे सनदी अधिकारी होते, पुढे पारसनीसांबरोबर मराठ्यांचा इतिहास लिहिणारे. त्यांनी आपल्या घरोघरच्या व्रतांच्या कहाण्या, सोमवारची, मंगळवारची, शुक्रवारची, इंग्रजीत सांगितल्या. पुस्तकाचं नाव 'डेक्कन नर्सरी टेल्स', आणि चित्रं कुणाची, तर आपल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांची. नऊवारीतल्या बायका, पाट, तुळशीवृंदावन, सगळं धुरंधरांच्या हातचं. देवघरात बसून ऐकायच्या कहाण्या अशा थाटाने चित्रांत आल्या, त्या लंडनला छापलेल्या इंग्रजी पुस्तकात. किंकेडांनी पुस्तक आपल्या लहान मुलाला, डेनिसला, अर्पण केलं आहे, कारण या गोष्टी ऐकताना त्याला गोडी वाटली म्हणून त्या छापायचा धीर झाला. म्हणजे गोष्टी आधी घरात मुलाला सांगून झाल्या होत्या. हा डेनिस पुढे स्वतःही सनदी नोकरीत आला, आणि १९३७ साली शिवाजी महाराजांवरचं 'द ग्रँड रिबेल' हे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झालं ते त्याचंच. कहाण्या ऐकल्या म्हणून त्याने चरित्र लिहिलं असं मी म्हणणार नाही, तसे सांधे जोडणं फार सोपं असतं. पण कुठल्या घरात कुठली गोष्ट शिरेल याचा नेम नाही एवढं खरं.

मात्र चित्र दाखवून गोष्ट सांगायची कला आपण लंडनहून आणलेली नाही. ती आपल्या कोकणातच होती. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजातले चित्रकथी आहेत. सावंतवाडीच्या राजघराण्याचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा वर्तमानपत्रांतून हे नाव घराघरात पोचलं. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या कागदांवरच्या चित्रांचा गठ्ठा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एक माणूस चित्र समोर उभं धरतो, गातो, सांगतो, साथीला वाद्यं असतात, प्रसंग संपला की चित्र उलटतो. रामायण-महाभारतातले प्रसंग. मी पिंगुळीला एकदाच गेलो आहे. तिथे बसल्या बसल्या मला कंदिलापाशी बसलेली अम्मा दिसली. चित्रकथीच्या हातात चित्र असतं आणि शब्द त्याच्या तोंडात असतात. समोर लहान पोरं असतील तर तो एक रंग भरील, म्हातारी माणसं असतील तर दुसरा. ऐकणाऱ्यांतून उठून 'असं लिहिलेलं नाही' म्हणण्याची सोयच नाही. अम्मा तेच करत होती. फक्त तिच्यासमोर एक तिसरीतला पंडित बसला होता.

शाळेच्या बाजूने हा प्रश्न आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात कुणी तरी हाती घेतला होता. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. गिजुभाईंनी तर गोष्ट कशी सांगावी यावर गुजरातीत अख्खं पुस्तकच लिहिलं. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर या बायकांनी शाळाच त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी झाला आहे. त्यातलं अंगण कुणाचं, हे विसरू नये.

पुढचं तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलेलं आहे, म्हणून भरभर सांगतो. १९५२ पासून मराठीत 'चांदोबा' आला आणि विक्रम-वेताळ पानापानावर रंगात दिसू लागले. मॉस्कोहून मराठीत छापून येणारी गुळगुळीत कागदाची स्वस्त पुस्तकं आली, सोव्हिएत संघ गेला तशी तीही गेली. नॅशनल बुक ट्रस्टचं नेहरू बाल पुस्तकालय आलं, ज्योत्स्ना प्रकाशनाची देखणी पुस्तकं आली. २००४ पासून प्रथम बुक्सची स्वस्त पुस्तकं, आणि २०१५ पासून त्यांचं 'स्टोरीवीव्हर', जिथे एकाच चित्राखाली मराठी, उर्दू, तेलुगू असा हवा तो मजकूर फुकट वाचता येतो. कामतघरसारख्या ठिकाणी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मुंबई-पुण्याच्या लोकांना लवकर कळायचं नाही.

आता पुन्हा भोपळ्याकडे. बी.ए. झाल्यावर काही वर्षांनी माझ्या हाती उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या 'टुनटुनीर बोई'चा अनुवाद आला. हे सत्यजित राय यांचे आजोबा. १९१० साली त्यांनी पूर्व बंगालमधल्या बायका मुलांना सांगत त्या गोष्टी गोळा केल्या आणि चित्रंही स्वतःच काढली. प्रस्तावनेत ते म्हणतात की संध्याकाळी न जेवताच पेंगायला लागलेल्या मुलांना जागं ठेवायला या गोष्टी सांगतात. झोपवायला नव्हे, जागं ठेवायला! त्या पुस्तकात एक कुबडी म्हातारी आहे. ती नातीकडे निघते, वाटेत कोल्हा, वाघ, अस्वल भेटतात. परतताना ती कशात बसते? दुधीच्या वाळक्या कवचात. आणि शेवटी धावून कोण येतं? तिची दोन कुत्री. त्या रात्री मला झोप लागली नाही, यात अतिशयोक्ती नाही.

मग मी मागेच लागलो. इराणमध्ये हीच म्हातारी लेकीकडे जाते, लांडगा नि सिंह भेटतात, आणि ती 'कदू'त बसून परतते. कदू म्हणजे आपल्याकडे हिंदी-उर्दूत म्हणतात तो कद्दूच. पंजाबात म्हातारीच्या जागी कोकरू आहे. ते आजीकडे जातं आणि ढोलक्यात बसून परत येतं. फ्लोरा ॲनी स्टील यांनी १८९४ साली ही गोष्ट छापली, तिच्या पुस्तकाला चित्रं लॉकवुड किपलिंग यांची. हे किपलिंग त्याआधी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. इराणपासून बंगालपर्यंत एक म्हातारी घरंगळत चालली आहे आणि प्रत्येक गावात तिला हाताशी असेल त्या वाहनात बसवलं जातं.

खरं तर एवढ्या लांब जायचीही गरज नव्हती. मी ते फुटपाथवरचं पुस्तक पुन्हा काढलं. त्यात शब्द होता नुसता 'भोपळा'. मराठीत दुधीही भोपळाच की! वीणेचा, एकतारीचा भोपळा कुठला असतो? आमच्या वऱ्हाळा तलावात पोरं पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकत, तो कुठला? लाल भोपळा वाळवून पोकळ करायला जाल तर बहुधा कुजून हातात येईल. दुधीचं वाळकं कवच मात्र टणटणीत नि हलकं असतं, घरंगळायला उत्तम. अम्माचं शब्दाशी अजिबात भांडण नव्हतं. भोपळा लाल करून टाकला होता चित्रकाराने, आणि मी त्या लाल रंगाला पुरावा मानलं होतं. चित्राची ही ताकद आहे आणि धोकाही तोच. एकदा छापलं की दहा गावांचे दहा भोपळे जाऊन एकच उरतो.

अम्माने गोष्टी सांगणं सोडलं होतं असं मात्र नाही. मे १९८४ मध्ये भिवंडी पेटली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. संचारबंदी लागली. माग बंद, गल्ली सुन्न, दुरून कसले कसले आवाज. शेजारचं पद्मशाली कुटुंब रात्री आमच्या खोलीत येऊन बसे. एकत्र असलं की भीती कमी वाटते, यापलीकडे कुणी विचार केला नव्हता. कंदीलही बारीक केलेला, पुस्तक बघायचा प्रश्नच नव्हता. अम्माने म्हातारीला कल्याणला धाडलं. शेजारच्या मावशी आपल्या धाकट्यांसाठी मागोमाग तेलुगूत सांगत होत्या. दुधी आला तेव्हा अम्माने हाताने लांबोडका आकार करून दाखवला. मावशी म्हणाल्या, "सोरकाय." लाल भोपळ्याला त्या 'गुम्मडिकाय' म्हणत, तो शब्द मला ठाऊक होता. तो त्या म्हणाल्या नाहीत. मी गप्प होतो. कुत्री आली, कोल्हा पळाला, आणि मुलांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. सकाळपर्यंत म्हातारी किती वेळा कल्याणला जाऊन आली कोण जाणे.

उपेंद्रकिशोरांचं पुस्तक मी अम्माला दाखवलं, २००३ साली. तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. मी सगळा पाढा वाचला, बंगाल, इराण, पंजाब. म्हणालो, "अम्मा, तुझंच बरोबर होतं. मी उगाच तुला टोकलं, म्हणून तू पुस्तक ठेवून दिलंस." तिला काही आठवेना. मग म्हणाली, "अरे, तेव्हा लाईट आली असेल. कांड्या भरायच्या नसत्या का?" पंचवीस वर्षं मी जे उराशी धरून बसलो होतो, ते तिच्या लेखी विजेच्या येण्या-जाण्यातलं होतं. का ती माझी समजूत घालत होती? आईच्या बाबतीत हे कधी कळत नाही. पुस्तकातल्या कुत्र्यांचं चित्र तिने चष्मा मागून घेऊन पाहिलं, आणि म्हणाली, बारीक आहेत.

गेली काही वर्षं मी शनिवारी आमच्या भागातल्या एका शाळेत चित्रांची पुस्तकं घेऊन जातो. वर्ग मराठी माध्यमाचा, पण घरी मराठी बोलणारी मुलं निम्मीही नसतील. सुरुवातीला मी छान वाचून दाखवत असे. मुलं शांत बसत, म्हणजे कंटाळत. एका बाईंनी तर माझ्यामागे फळ्यावर प्रश्नही लिहून ठेवले होते, म्हातारी कोठे गेली, तिला कोण भेटले. आता मी मजकुरावर हात ठेवतो आणि पुस्तक मुलांकडे वळवतो. सांगा, काय चाललंय? जो तो आपापल्या घरच्या बोलीत सुरू होतो. वाचता न येणारं पोर यात मागे पडत नाही, उलट पुष्कळदा तेच पुढे असतं. दोन-तीन वेळा असं झालं की मग पुस्तक वाचायचं. तेव्हा छापलेले शब्द मुलांना परके वाटत नाहीत, 'हे पुस्तक असं म्हणतंय होय' अशा नजरेने ती ऐकतात. घरी वाचणाऱ्या आईबापांनाही माझं एवढंच सांगणं आहे की पहिल्या वेळी पान मुलाला उलटू द्या, मग भले ते शेवटाकडून उलटो. आणि घरात आजी असेल तर पुस्तक आधी तिच्या हातात द्या.

मागच्या खेपेला म्हातारीचंच पुस्तक होतं. नवं, झकास छापलेलं, भोपळा अर्थात लाल. एक मुलगी म्हणाली, कद्दू. मागून आवाज आला, गुम्मडिकाय. आगऱ्यांचा एक पोरगा ठासून म्हणाला, भोपला. पहिल्या रांगेतली एक बारकी, जी कधी तोंड उघडत नाही, ती उठून चित्राजवळ आली, भोपळ्यावर बोट ठेवून म्हणाली की म्हातारी यात नाहीच, ती पुढे गेली, यात तिचा मांजर आहे. पुस्तकात मांजर नव्हतं. एक मुलगा लगेच म्हणाला, "सर, असं नाहीये त्यात." मी त्या मुलीला विचारलं, मांजराचं नाव काय? तिने सांगितलं, आणि आम्ही पान उलटलं.